उडालेले शेवटचे पान

एका राज्यात, ज्याचे नाव आता कुणाला आठवत नाही आणि जिकडे जायची वाटही गवताने बुजून गेली आहे, एक राजकन्या शेवटचे पान आधी वाचत असे. पद्मरेखा तिचे नाव. पोथी कुठलीही असो, ती बासनाची गाठ सोडी, पानांची चवड मांडीवर घेई आणि तळातले पान हलकेच ओढून काढी. नायक जगला, नायिका घरी आली, राक्षस मेला, एवढे पाहून जीव भांड्यात पडला की मग पहिल्या पानापासून वाचायला बसे. मध्ये युद्धे आली, ऋतूंची वर्णने आली, राजांच्या वंशावळी आल्या, की त्या पानांवरून तिची बोटे भराभर सरकत. "शेवटी सगळे सुखरूप असतात ना? मग मध्ये एवढे पाल्हाळ कशाला?" असे ती दासींना विचारी. दासी हसत. त्याही तेच करत, फक्त कबूल करत नसत.

पण तुम्ही तिला हसू नका. ती लहान असताना तिची आई आजारी पडली होती. रोज सकाळी सगळे तिला सांगत, राणीसाहेब उद्या उठून बसतील. मग एका सकाळी कुणीच काही सांगितले नाही. तेव्हापासून तिने शेवटाची धास्तीच घेतली होती, आणि ती धास्ती खोटी होती असे मी तरी म्हणणार नाही.

पुढे काय झाले, की राजा धैर्यसेनाला ज्वर आला. वैद्यांनी काढे दिले, लेप लावले, उतार पडेना. तेव्हा वेशीबाहेर राहणाऱ्या भद्रमुखाला बोलावणे गेले. भद्रमुख मांत्रिक होता आणि लेखकही होता. त्या काळी ही दोन्ही कामे एकच माणूस करी. तो दुखणे पाहून पोथी लिही. ती पोथी दुखणाइताला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीने, मध्ये न थांबता वाचून दाखवली की दुखणे उतरे. पोटदुखीला छोटी पोथी पुरत असे. राजाच्या ज्वराला चांगली जाडजूड लागली. त्या पोथीतही एक आजारी राजा होता, आणि पोथीतल्या राजाचे जे होईल तेच धैर्यसेनाचे होणार होते.

वाचायचा मान कन्येचा. भद्रमुखाने पोथी तिच्या हाती दिली, नमस्कार केला आणि येतो म्हणाला. पण तो गेला नाही. आपली पोथी कुणी उघडत असताना लेखक कधी जातो का? तो दालनातल्या खांबामागे उभा राहिला आणि तिचा चेहरा न्याहाळू लागला. दुसऱ्या पानावरच्या गमतीला हसेल का, पाचव्या पानावर कंटाळेल का, या काळजीने त्याच्या हाताला घाम सुटला होता.

पद्मरेखेने बासन सोडले, आणि सवयीने तळातले पान ओढले.

तिची नजर अक्षरांवर पडायच्या आत खांबामागून आरोळी आली. "शेवट आधी हवा? मग या राज्यात कशाचाच शेवट होणार नाही!" तिच्या हातातले पान फडफडले, त्याचा पांढरा पक्षी झाला आणि तो गवाक्षातून निघून गेला.

त्या घटकेपासून राज्यात जे सुरू झाले ते संपेना. जात्यावर बसलेल्या बायका दळतच राहिल्या. दरबारी गवयाची तान समेवर येईना. एका मांडवात अंतरपाट धरून ठेवणाऱ्यांचे हात भरून आले, तरी मंगलाष्टके सरेनात. आंबे पाडाला लागले आणि तिथेच थांबले. लोक जेवत नव्हते का? जेवत होते, पण पोट भरत नव्हते. तुम्हाला गंमत वाटेल, मलाही सांगताना वाटते. पण आत पलंगावर राजाचा ज्वर चढेना आणि उतरेना. त्याचा डोळा लागे आणि झोप पुरी व्हायच्या आत उघडे. पद्मरेखा त्याचा हात हातात घेई, तेव्हा तापल्या तव्याजवळ बोटे गेल्यासारखी धग लागे.

"पद्मे," राजा एके दिवशी म्हणाला, "मी फार थकलो. काय ते एकदाचे होऊ दे."

हे ऐकून तिला रडू आले. ते तिने दाराबाहेर जाऊन संपवले, म्हणजे संपवायचा प्रयत्न केला. कारण रडूही संपेना. मग तशीच आसवे गाळत ती भद्रमुखाच्या झोपडीत गेली.

भद्रमुखाची अवस्था काही बरी नव्हती. त्याच्या हातातला बोरू अर्ध्या ओळीवर अडकला होता आणि आलेली शिंक नाकाच्या शेंड्यावर थांबली होती.

"शाप मागे घ्या," पद्मरेखा म्हणाली.

"घेता येत नाही. रागाच्या भरात बोललो, आता पस्तावतो आहे. पान परत आण आणि पोथी ओळीने वाच. शाप उतरेल."

"आणि तात?"

"त्यांचे पानावर असेल ते होईल."

"पानावर काय आहे?"

भद्रमुखाने मान खाली घातली. "राजकन्ये, तो शेवट मी इतक्यांदा बदलला, की शेवटी कुठला ठेवला ते माझे मलाच आठवत नाही. एकात राजा वाचतो. एकात जातो. जाण्याचा जास्त चांगला जमला होता."

त्या वेळी पद्मरेखेच्या मनात काय आले ते सांगण्यासारखे नाही.

"आणखी एक," तो म्हणाला. "पोथी वाचता वाचता त्या पानाची पाळी येईल, तोवर त्यावरचे एक अक्षरही पाहू नकोस. पाहिलेस तर पान कोरे होईल. मग राजाला तसेच पडून राहावे लागेल, कायमचे."

पद्मरेखेने पोथीचे रिकामे बासन कमरेला बांधले आणि पक्षी गेला होता त्या दिशेने ती निघाली.

राज्याची सीमा ओलांडताच तिचे डोळे सुकले, आणि समोर अरण्य लागले. त्या झाडांना पोथ्यांची पाने लागलेली होती. वाचणाऱ्यांनी जी जी पाने गाळली, ती इथे येऊन फांद्यांना लागत. वाट कुठेच दिसेना. एका ढोलीत पिंगळा बसला होता.

"वाट दे," पद्मरेखा म्हणाली.

"वाट तुझ्याच पानांमागे आहे," पिंगळा म्हणाला. "वाच. वाचलेस की फांदी बाजूला होईल."

वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिने तोंड वाकडे करून सुरुवात केली. आधी एका युद्धाचे पान, त्यात सगळ्या घोड्यांची नावे. मग वंशावळ. मग हेमंताचे वर्णन, त्यात धुक्यात हरवलेली एक गाय आणि तिच्या गळ्यातल्या घंटेचा नुसता आवाज. फांद्या सरकत गेल्या, वाट होत गेली, आणि कधी ते तिला कळले नाही, पण तिने वाकडे केलेले तोंड सरळ झाले. एका पानावर एक दासी होती. अख्ख्या पोथीत तिला एवढे एकच पान. युद्धावर गेलेल्या कुणासाठी ती रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापे आणि सकाळी ती गाईला घाली. पद्मरेखेने ते पान वाचले, आणि पुन्हा वाचले.

"दोनदा वाचायची अट नव्हती," पिंगळा म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

अरण्य संपले तिथे शाईची नदी होती, काळीभोर आणि संथ. काठावर नावेएवढे कासव पडले होते.

"पलीकडे ने."

"एक पान लिहून दे," कासव म्हणाले. "हेच माझे नावभाडे."

"एवढेच?" पद्मरेखा हसली. काठावरचा बोरू तोडून तिने तासला, नदीत बुडवला आणि कासवाने दिलेल्या कोऱ्या पानावर लिहिले, एक राजा होता. मग ते खोडले. एक राणी होती. तेही खोडले. मग तिला वाटले बोरूचे टोक जाड झाले आहे, म्हणून पुन्हा तासला. मग ऊन डोळ्यांवर येते म्हणून जागा बदलली. मग तहान लागली. मग नदीकाठचे गोटे रंगाप्रमाणे लावून झाले. कासव ऊन खात पडून राहिले. रोज येणाऱ्यांचे ते हेच पाहत आले होते. शेवटी तिच्यापाशी सांगण्यासारखे जे एकच होते ते तिने लिहिले. कुणीच काही सांगितले नाही ती सकाळ. आईच्या दालनाचा बंद दरवाजा, आणि उंबऱ्याशी दुधाची वाटी घेऊन उभी असलेली मुलगी.

कासव वाचू लागले. ते कासवाच्याच चालीने वाचत होते. पद्मरेखा त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती आणि कासवाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हते. तिच्या हाताला घाम सुटला. खांबामागच्या माणसाची तिला आठवण झाली आणि प्रथमच त्याची दया आली.

"बैस पाठीवर," कासव म्हणाले.

"आवडले का?"

"बैस म्हटले ना."

मध्यावर आल्यावर ते म्हणाले, "दुधाची वाटी चांगली आहे. तिसरी ओळ काढून टाक."

पद्मरेखेला इतका आनंद झाला, की तिसऱ्या ओळीचा राग यायला पलीकडचा काठ यावा लागला.

काठापासून चढत गेलेल्या डोंगरावर एक गुहा होती. तिच्या तोंडाशी माणकांचे ढीग होते; त्यांना हात लावणारा जागच्या जागी माणिक होतो, आणि ढिगांचा आकार पाहता बरेच झाले होते. ढिगावर तो पांढरा पक्षी बसला होता. पद्मरेखेने डोळे मिटून घेतले आणि बासन पसरले.

"मी येतो," पक्षी म्हणाला, "पण आधी माझ्याकडे बघ. डाव्या पंखाखाली तुझ्या तातांचे काय होणार ते आहे."

"घरी बघेन."

पक्षी आपण होऊन बासनात आला, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. परतीच्या वाटेवर कासवाने तिला मुकाट उतरवले, अरण्याने वाट दिली. पण बासनातून तो सारखा बोलत होता. "एकच ओळ. एकच शब्द. मनाची तयारी तरी होईल." त्याचे म्हणणे तिला इतके पटत होते, की एका वळणावर तिची बोटे गाठीवर गेली. गाठ निम्मी सुटलीसुद्धा.

मग तिने स्वतःला विचारले, की पानावर वाईट लिहिलेले दिसले, तर हे पान आपण घरी नेऊ का? नेणार नाही. इथेच कुठे तरी टाकू, आणि तात तसेच तळमळत पडतील, या सबबीवर की आपल्याला ते हवेत. हे तिला स्पष्ट कळले आणि कळून फार वाईट वाटले. तिने गाठ आवळली आणि वरून आणखी एक मारली.

ती दालनात शिरली तेव्हा उन्हे नुकतीच पलंगावर आली होती. तिने बासन पोथीखाली सरकवून डोळे मिटून सोडले. पक्ष्याचे पान झाले आणि मुकाट्याने तळाशी जाऊन पडले. मग डाव्या हातात राजाचा तापलेला हात घेऊन ती पहिल्या पानापासून वाचू लागली.

तिने काही गाळले नाही. वंशावळ वाचली, वसंत वाचला, भोजनातल्या पक्वान्नांची नावे वाचली. राजा ऐकत होता, मधूनच हुंकार देत होता. पोथीच्या मध्यावर एक हत्तीण आली. तिचे पिल्लू पुरात वाहून गेले होते, आणि त्याला शोधायला ती फुगलेल्या नदीत उतरली.

तिथे राजाचा हुंकार आला नाही.

पद्मरेखेने वाचत वाचतच बोटांनी त्याचा हात चाचपला. तो गार होता. इतका काळ जो हात भाजत होता, तो गार आणि सैल पडला होता. तिला ओरडायचे होते, वैद्यांना हाका मारायच्या होत्या. पण थांबले की पोथी फुकट जाणार होती. ती वाचत राहिली. शब्द फुटत होते, पानांवर पाणी पडत होते आणि त्या पाण्यातून अक्षरे लावत ती एकेक ओळ पुढे जात होती.

तळातले पान उरले. आयुष्यभर जे पान तिने आधी ओढले, ते आता उलटवेना. ते उलटले नाही तोवर तात आहेत, असे तिला वाटत होते. मग तिने ते उलटले आणि मोठ्याने वाचले.

"राजा उठून बसला. त्याला भूक लागली होती. त्याने दहीभात मागितला."

बाहेर जाती थांबली. गवई समेवर आला. मांडवात अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या. वेशीबाहेरच्या झोपडीतून दालनापर्यंत एक प्रचंड शिंक ऐकू आली. राज्यात सगळे पुरे झाले. फक्त पलंगावर राजा उठून बसला नाही.

"खोटे लिहिले!" पद्मरेखा किंचाळली. "सगळे खोटे लिहिले!" आणि तिने कपाळ त्या गार हातावर टेकले.

तेव्हा राजा घोरू लागला.

घोरणे साधेसुधे नव्हते, राजाला शोभेल असे होते. ज्वर उतरलेल्या माणसाचे अंग गार पडते, हे तिला वैद्यांनी कधी सांगितले नव्हते. आणि कधीपासूनची अडलेली झोप पुरी व्हायची होती, ती घाई करणार नव्हती. पद्मरेखा जागची हलली नाही. उन्हे पलंगावरून उतरून भिंतीवर गेली, तेव्हा राजा उठून बसला.

"दहीभात आणा," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "पद्मे, ती हत्तीण नदीत उतरली. पुढे?"

"तात, तुम्ही ऐकले नाही?"

"तिथेच डोळा लागला. पिल्लू सापडले का तिला?"

पद्मरेखा रडत होती आणि हसत होती. "तुम्ही बरे झालात. शाप गेला. शेवट झाला, तात."

"होईना का," राजा म्हणाला. "मला हत्तीण हवी आहे. आणि असे कर, पहिल्यापासूनच घे."

तिने पाने पुन्हा नीट लावली. शेवटचे पान तळाशी गेले, आणि या खेपेस तिने त्याला हात लावला नाही. दहीभात आला, राजा जेवू लागला, ती वाचू लागली. सगळे ठाऊक असूनसुद्धा, हत्तीण नदीत उतरली तेव्हा पद्मरेखेचा आवाज कापला, आणि राजाचा घास हातातच राहिला.

त्यांची पोथी जशी सुखरूप तडीस गेली, तशी वाचणाऱ्याची जावो, लिहिणाऱ्याची जावो, आणि मधली पाने कुणाची गळू नयेत.