फ्रान्सची बाटली आणि सोपानमामाची पसंती

नाशिककडच्या एका द्राक्षांच्या गावात सोपान नावाचा भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा. अगदी सगळं.

त्याची भाची रेवती हिनं स्वतःच मुलगा निवडला होता. हृषीकेश ढिकले. फ्रान्सच्या दक्षिणेत द्राक्षमळ्यात कामाला. रेवतीला वडील नव्हते, म्हणून हृषीकेशच्या वडिलांनी, ढिकलेअण्णांनी, निरोप धाडला, "मामांनी होकार दिला की सुपारी फोडू." रेवती ते ऐकून दोन दिवस नीट जेवली नाही.

हृषीकेशनं बोलणी करायला यायच्या आदल्या दिवशीच तिकडच्या लाल वाइनची बाटली पाठवली होती. सोपानची बहीण, रेवतीची आई यमुनाक्का म्हणाली, "सोपान, पाहुणे यायच्या आधी तासभर ती उघडून ठेव. तिला हवा लागली पाहिजे."

सोपाननं बाटली उघडून अंगणात ठेवली. हवा लागली. चिलटंही लागली.

"अरे, उघड्या वस्तूवर ओलं फडकं टाकावं," अक्का चिलटं काढत म्हणाली.

"बरं अक्का."

पाहुणे आले. ढिकलेअण्णांनी घाम पुसायला टोपी काढली. डोकं तुळतुळीत, उघडं. सोपाननं त्यावर ओलं फडकं टाकलं.

अण्णा फडक्याखालून म्हणाले, "गार वाटलं."

अक्कानं भावाला आत ओढलं. "अरे, आलेल्याला आधी विचारावं. प्रवास कसा झाला, त्रास नाही ना झाला."

"बरं अक्का."

"आता चुलीवरच्या मटणाकडे बघ. या वाइनबरोबर मटणच लागतं."

सोपान पातेल्यासमोर बसला. "प्रवास कसा झाला? त्रास नाही ना झाला?" मटण रटरटलं, बोललं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मटण खाली लागलं.

"अरे, वास घ्यावा, चाखावं, काय कमी आहे ते घालावं," अक्का पातेलं उतरवत म्हणाली. "जाऊ दे. ती वाइन ओत."

"बरं अक्का."

सोपाननं वाइनचा वास घेतला. चाखली. मीठ नव्हतं, तिखट तर नावाला नव्हतं. त्यानं बाटलीत मीठ आणि दोन चमचे काळा मसाला घातला, हलवली आणि पेले भरून नेले.

हृषीकेश वडिलांना सांगत होता, "दक्षिणेकडची आहे. हिला मिरीचा, रानातल्या झुडपांचा वास असतो."

अण्णांनी घोट घेतला. त्यांचे कान लाल झाले. "असतो खरा," ते म्हणाले.

हृषीकेशनं पेल्यात पाहिलं. वर तेलाचा तवंग होता. त्यानं दाराशी उभ्या रेवतीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच हात जोडले. त्यानं पेला एका दमात रिकामा केला.

अण्णा मात्र रंगात आले. "सोपानराव, ही पारखायची एक रीत आहे. उजेडात धरायची. तिरकी करून रंग बघायचा. गोल फिरवायची. वास घ्यायचा. चाखायची. आणि मग ठरवायचं, कशाबरोबर जमेल. चाखल्याशिवाय पसंती सांगायची नाही."

"बरं अण्णा."

अक्का पानसुपारी घेऊन आली. अण्णा सावरून बसले. "मग मामा, आमचा मुलगा पसंत आहे का?"

सोपान उठला. त्यानं हृषीकेशला दंडाला धरून खिडकीशी नेलं. तिरका करून रंग बघितला. खांदे धरून चार वेळा गोल फिरवला. मानेशी वास घेतला. हृषीकेशला वाटलं, ही या घरची पद्धत असेल.

मग सोपाननं त्याच्या कानाला कडकडून चावा घेतला.

हृषीकेशची किंकाळी मळ्यापर्यंत गेली. अक्काच्या हातातलं तबक पडलं. अण्णा अर्धे उठले आणि तसेच राहिले. रेवतीनं डोळे मिटून घेतले.

सोपान शांतपणे जिभेवर चव घोळवत होता.

"पसंत आहे," तो म्हणाला. "जरा खारट आहे, पण आमच्या रेवतीबरोबर जमेल."