नाव छापा, मॅडम!

सोलापुरातल्या टोळ्यांचा अभ्यास करता करता समाजशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. वैजयंती कोळेकर यांची सहा वर्षं गेली. या अभ्यासावरच्या पुस्तकात कुणाचंही खरं नाव येणार नाही, असा शब्द त्यांनी प्रत्येकाला दिला होता. हे त्यातल्याच एका टोळीचा म्होरक्या नाना बिडवे याला खटकलं. त्याने बाईंच्या साऱ्या वह्या आपल्या अड्ड्यावर उचलून नेल्या. बाई धावतच तिथे पोचल्या.

"पराक्रम आमचा आणि नाव भलत्याचं? माझं नाव छापा मॅडम, तरच वह्या मिळतील!" नाना गरजला.

बाई पेचात पडल्या. छापावं तर शब्द मोडतो, न छापावं तर सहा वर्षं पाण्यात! मग त्या हसल्या.

"छापते की, नाना. पण मग लोक म्हणतील, नाव सांगितल्याशिवाय ह्याला ओळखतंय कोण!"

नाना चपापला. मिशीवरून हात फिरवत त्याने वह्या पुढे सरकवल्या. "नको, नको. नुसतं वर्णन करा. अख्खं सोलापूर ओळखेल."

पुस्तक आलं. आठवड्याभरात शहरातले पाच दादा छाती फुगवून सांगत सुटले, "त्यातला तो मीच!" आणि खरा कोण, हे बाईंशिवाय कुणालाच कळेना.