खुर्ची नसलेली गल्ली

बास्क मुलखातल्या त्या समुद्राकाठच्या शहरात, जुन्या बंदरामागे, एक अरुंद गल्ली आहे. दोन्ही बाजूंना खानावळी. काउंटरवर पावाच्या कापांवर रचलेली मासळी, ऑलिव्ह, भाजलेल्या मिरच्या. सगळं मिळतं, खुर्ची तेवढी मिळत नाही. साताऱ्याहून आलेल्या हेमलताकाकूंनी गुडघा चोळत विचारलंच, "बसायचं कुठं हो?"

गाव दाखवणारी अरांचा नावाची बाई सत्तरीची होती. ती म्हणाली, "ते सांगते. आधी तो पाव संपवा."

फार पूर्वी, म्हणे, इथे दर्यावर्दींची पंचायत होती. बारा म्हातारे, अक्रोडाच्या बारा खुर्च्या. नियम एकच, पण कडक: सर्वांत थोरला उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. थोरला होता आंचोन.

एका वर्षी आठवडाभर पाऊस लागून राहिला. सरपण चिंब झालं. अशात एके दिवशी दुपार कलताना धुकं उतरलं आणि दोन होड्या बाहेर अडकल्या. एकीवर माद्दीचा नवरा होता, बेन्यात नावाचा. माद्दी या गल्लीत खानावळ चालवायची. टेकडीवर जाळ दिसला तरच होड्यांना बंदराचं तोंड सापडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माद्दीने स्वतःची बाकडी फोडली, टेबलं फोडली, वर नेऊन पेटवली. जाळ बुटकाच राहिला. आता कोरडं लाकूड गावात एकाच ठिकाणी उरलं होतं.

ती पंचायतीत गेली. म्हणाली, "खुर्च्या द्या."

"पणजोबांच्या आहेत त्या, पोरी," एकजण म्हणाला.

"पणजोबा बसलेत का त्यांवर?"

"जीभ आवर. धुकं काय, सरेल आपोआप."

"सरेल तेव्हा सरेल. दुसऱ्या होडीवर कुणाचा नातू आहे?"

नातू आंचोनचा होता. अकराजण आंचोनकडे बघत राहिले आणि आंचोन जमिनीकडे. तो दुष्ट नव्हता. आयुष्यभर त्याच्या उठण्यासाठी गाव थांबलं होतं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, त्यातही एका स्वयंपाकिणीच्या, उठायचं कसं हे त्याला येतच नव्हतं. आणि बाकीचे अकरा? त्यांचे पाय धड होते. नियमाच्या आड लपून बसले, दुसरं काय. माद्दी एकेकाची खुर्ची ओढून बघत होती. बसलेलं माणूस फार जड होतं.

तासभर असंच चाललं, असं सांगतात. मग खडकांकडून लाकूड फुटल्याचा आवाज आला.

आंचोन उठला. स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन टेकडी चढला. मागून अकरा खुर्च्या चढल्या. जाळ उंच गेला, आणि त्या उजेडाच्या रोखाने बेन्यातची होडी बंदरात आली. दुसरीतलं कुणी आलं नाही.

होडीवरची माणसं गारठून, भुकेजून माद्दीकडे आली. तिने पाव कापला आणि वर खारवलेली मासळी ठेवली, आपल्या मांदेलीची चुलत बहीण शोभेल अशी. बाकडी जळली होती, सगळे उभ्यानेच खात होते. इतक्यात दारात आंचोन दिसला. कुणीतरी पिंप उपडं करून पुढे सरकवलं. "बसा, आजोबा."

"बसलोच होतो," तो म्हणाला.

माद्दीच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या म्हणे. पण तिचा माणूस तिच्या शेजारी उभा होता, जिवंत. तिने पावाचा एक काप उचलून म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला. तो खाईपर्यंत तिथून हलली नाही.

आंचोन पुढे सात वर्षं जगला. रोज यायचा, दोन घास खायचा, पण टेकला कधीच नाही. त्याच्यासमोर बसायची कुणाची छाती झाली नाही. तो गेल्यावरही नाही.

आजही त्या गल्लीत एखादा पिकला माणूस आत आला, तर कुणी त्याला बसायला जागा करून देत नाही. जो जवळ उभा असेल, तो पावाचा काप त्याच्या हातात ठेवतो, आणि म्हातारा पोरासोरांच्या खांद्याला खांदा लावून उभ्यानेच खातो.