वाघोबाचे नऊ मण

रानात वजनकाटा नव्हता, तेव्हाची गोष्ट. अख्खा रेडा खाऊन वाघोबा सुस्त पडले होते. वानराने झाडावरून अंदाज केला, "सात मण!" पुढे सांगता सांगता त्याचे नऊ झाले. वाघोबांनी ते खोडलं नाही, उलट मिशीला पीळ दिला.

एकदा ओढ्याला पूर आला. वाघीण आणि बछडे पलीकडे अडकले. ओढ्यावर ऐनाचा जुना ओंडका आडवा पडला होता. वाघोबांनी पंजा टेकवताच ओंडका म्हणाला, "थांबा. मला सहा मणच पेलवतात. तुम्ही म्हणे नऊ मण! मी मोडलो तर दोघंही वाहून जाऊ."

वाघोबा वरमले. "नऊ हे वानराचं बोलणं. सात म्हणाला तेव्हा पोटात रेडा होता. आज दोन दिवसांचा उपाशी आहे. पाच असेन फार तर."

"आता कसं बोललात! या, जपून या."

ओंडका करकरला, पण मोडला नाही. पलीकडे बछडे वाघोबांना बिलगले.

वानराने झाडावरून विचारलं, "मग रानात आता किती सांगू?"

"पाच," बछड्याला चाटत वाघोबा म्हणाले. "आणि उपाशीपोटी, हेही सांग."