निळ्या धाग्यांचा खोपा

एका जंगलाच्या कडेला, ओढ्यावर झुकलेल्या बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत असे. नाव सुगरण, पण खोपा विणतो तो नरच, बरं का मुलांनो! त्याने अर्धा खोपा विणायचा, मादीने येऊन तो ओढून-ताणून पाहायचा. पसंत पडला तर संसार, नाहीतर खोपा मोडून पुन्हा श्रीगणेशा. या बिचाऱ्याचे खोपे पसंतीआधीच वाळून पिवळे पडत. सगळी बाभूळ चिवचिवाटाने भरलेली आणि हा आपला एकटा. फार वाईट वाटे त्याला.

एकदा शेताच्या बांधावर त्याला प्लॅस्टिकच्या फाटक्या गोणीचे निळे धागे सापडले. ना वाळणारे, ना कुजणारे! त्यांचा खोपा सकाळच्या धुक्यात असा झुलू लागला, की आभाळाचा तुकडाच फांदीला अडकलाय असं वाटावं. शेजारच्या फांदीवर एक म्हातारी, आठ पायांची कोळीण आपलं कालचं जाळं खात बसली होती. ती म्हणाली, "बाळा, माझ्या धाग्यातले बारीक कण जोडले जातात, तेव्हा प्रत्येक सांध्यातून थोडं पाणी निघतं. तेच पाणी सांध्यात परत शिरलं, की धागा सुटतो आणि मातीला मिळतो. गवताचंही तसंच. तुझ्या प्लॅस्टिकचे कण मात्र काहीच न सोडता एकमेकांना बिलगलेत. पाण्याला शिरायला फटच नाही. हा सुटायचा कसा?"

"सुटायला कशाला हवा, मावशी? टिकावा म्हणूनच तर विणलाय!" सुगरण हसून म्हणाला.

मादीने खोपा ओढून पाहिला आणि ती राहिली. यथावकाश पिल्लं झाली. उडायच्या दिवशी भावंडं भुर्रकन गेली, पण धाकट्याचा पाय धाग्यात गुंतला. गवत असतं तर एका हिसक्यात तुटलं असतं. हा धागा प्रत्येक हिसक्याला अधिकच रुतत होता.

"बाबा, पाय दुखतोय!" पिल्लू रडू लागलं.

बापाचा जीव कासावीस झाला. चोचीने धागा तुटेना, तेव्हा तो आपलीच वीण उलटी उसवू लागला, गाठीमागून गाठ. ऊन कललं तेव्हा शेवटचा फास सैल झाला. पिल्लू उडालं आणि खोपा ओढ्यात पडला.

धागे मोकळे होऊन तरंगत निघाले. पुढच्या वळणावर पाणकोंबडीची पिल्लं पोहत होती. "बाजूला व्हा रे, बाजूला व्हा!" असं ओरडत सुगरण धाग्यांमागे उडत सुटला. धागे पाण्याबरोबर पुढे पुढेच जात होते.

तात्पर्य : जे मोडता येत नाही, ते घडवण्याआधी दहादा विचार करावा. आपल्याला नकोसं झालं म्हणून ते जगातून जात नाही.