हळदगावची सून आणि राजाचा नकलाकार

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या बायांनो, ही गोष्ट फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की समुद्राचं पाणी तेव्हा नुकतंच खारट झालं होतं, असं म्हातारी माणसं सांगतात.

समुद्राकाठी एक गाव होतं. सगळ्यांच्या शेतात हळद, सगळ्यांच्या अंगणात हळद वाळत घातलेली. माणसांचे हात पिवळे, लुगडी-धोतरं पिवळी, आंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं. गावाचं नावच पडलं हळदगाव. आपल्या उजळ रंगाचं गावाला भारी कौतुक.

दूर समुद्रात एक बेट होतं. तिथली माणसं उंच, काळीभोर, कुरळ्या केसांची. ती शिंपले भाजून चुना करत. दर वर्षी हळद निघाली की त्यांची होडी गावाला लागे. त्यांनी चुना द्यायचा, गावानं हळद द्यायची. हळदीत चुना पडला की तिचं लाल कुंकू होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. असं कितीतरी पिढ्या चाललं होतं. पण कुणी कुणाचा उंबरा ओलांडला नव्हता.

त्या गावात एक तरुण सून होती. नवरा हळद घेऊन लांबच्या बाजाराला गेलेला. घरी सासरा, सासऱ्याची म्हातारी आई, लग्नाची नणंद सगुणा, आणि सुनेची चार वर्षांची लेक छबी. सुनेला सारखी काळजी. छबी शिंकली तर काळजी, छबी गप्प बसली तर जास्त काळजी. आणि जेवढी काळजी तेवढीच चौकसपणाची खोड. घरात मुंग्या निघाल्या तर बाकीच्या बाया राख टाकत. ही मात्र रांगेच्या मागे मागे जाऊन त्या कुठून आल्या ते बघून येई.

तर झालं असं, की सगुणाचं मन बेटावरच्या एका मुलावर बसलं, आणि त्याचं तिच्यावर. तीन वर्षं होडी आली की चुन्याच्या टोपल्या उतरवता उतरवता दोघं बोलायची. मुलगा कष्टाळू होता, भला होता. सासऱ्याला काही ते पटेना.

"चुना घ्यावा," तो म्हणाला, "पण म्हणून चुनेवाला घरात घ्यावा का?"

त्याची आई कोपऱ्यात सुपारी कातरत होती. "तुझा बाप होता तोवर मी त्यांच्याच चुन्याचं कुंकू लावलं," ती म्हणाली. "कुंकवाला त्यांचा चुना चालतो, आणि कुंकू लावायला त्यांचा मुलगा चालत नाही होय रे? बोलाव त्यांना. मला बघू दे तो हसतो कसा. माणूस हसण्यावरून कळतो."

आईपुढं त्याचं काही चाललं नाही. निरोप गेला.

मुलगा आला, त्याचे आईवडील आले. पाटांवर बसले. सगुणानं गूळपाणी दिलं. म्हातारीनं मुलाला हसवून बघितलं आणि मान हलवली. सगळं गोडीनं चाललेलं, तोच छबी अंगणातून मुठीत हळद घेऊन आली. तिनं मुलाचा हात धरला. लेकरू खेळतंय म्हणून त्यानंही हात पुढं केला. छबीनं हळद चोळली, वाकून बघितलं, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि निराळाच आवाज काढून ओरडली,

"चार शेर हळद संपली, नवरदेवाला कुठं लागली? शोधा शोधा, दिवा आणा!"

आणि हसू यायची वाट बघत ती थांबली.

कुणी हसलं नाही. फक्त सासऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते त्यानं उपरण्यानं पुसून टाकलं. गंमत अशी, की त्या काळ्या हातावर हळद चांगली उठून दिसत होती. कोणत्याही पिवळ्या हातावर दिसली नसती इतकी.

मुलाच्या आईनं वाटी खाली ठेवली.

"लेकरू आपल्या मनानं असं बोलत नाही," ती म्हणाली. "तुमची सगुणा गोड मुलगी आहे. पण माझा मुलगा या घरात जावई म्हणून यायचा. दर वेळी तुम्ही त्याला दिवा लावून शोधणार असाल तर नको हे लग्न. आठ दिवसांनी आमची होडी निघेल. रामराम."

ते गेले. सुनेनं रागानं छबीचा दंड धरला.

"वहिनी, तिला मारू नकोस," सगुणा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, ते सुनेला जास्त लागलं. "सगळं गाव मनात म्हणत होतं. तिनं फक्त मोठ्यानं म्हटलं."

त्या दिवसापासून सगुणा पानावर बसायची आणि तशीच उठायची.

सुनेला चैन पडेना. एवढ्याशा तोंडात एवढं मोठं बोलणं आलं कुठून? तिनं छबीला मांडीवर घेतलं आणि विचारलं.

"आबा म्हणतात," छबी म्हणाली. "आबा म्हणतात, मग मी हसते, मग आबा परत म्हणतात."

सासऱ्याला विचारलं तर तो उसळला. "माझं कशाला नाव घेतेस? ते राजाच्या नकलाकाराचं बोलणं आहे. साऱ्या राज्याला पाठ आहे ते. एवढा मोठा माणूस बोलतो, तो काय वेडा?"

नकलाकार खरंच मोठा माणूस होता. तो पागोटं डावीकडं झुकवायचा, तर राज्यातली सगळी पागोटी डावीकडं झुकली होती. तो नुसता खोकला तरी लोक 'वा' म्हणत.

सुनेनं फडक्यात भाकरी बांधली, छबीला कडेवर घेतलं आणि राजधानीची वाट धरली. दोन दिवस चालली. राजवाड्यामागच्या पडवीत नकलाकार तेल लावून तोंडाचा रंग काढत बसला होता. एक गाल रंगलेला, दुसरा साधा. साध्या गालाकडून तो अगदी कुणाच्याही घरातल्या काकासारखा दिसत होता.

"काय पाहिजे, बाई? मुलीला आशीर्वाद? ठेवा पायावर."

"आशीर्वाद नको," सून म्हणाली. "तुमचं ते हळदीचं बोलणं आहे ना, ते तुम्हाला सुचलं कुठून, एवढंच विचारायला आले."

नकलाकारानं हातातलं फडकं खाली ठेवलं. असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"सुचलं बुवा कुठून तरी. मी एका दिवसात पन्नास गोष्टी बोलतो. ज्याला लोक हसत नाहीत, ती मी दुसऱ्या गावी बोलत नाही. हळदीचं तर तीन वर्षं बोलतोय."

"बेटावरची माणसं तुम्ही कधी पाहिलीत?"

"एकही नाही," तो म्हणाला. "पाहायला कशाला लागतात? बरं, तुमचं गाव कुठलं?"

"हळदगाव."

"मग तुमच्या जत्रेला मी येऊन गेलोय. गेल्या वर्षी. तुम्ही होता?"

"होते. अगदी पुढं बसले होते."

"मग खरं सांगा, त्या बोलण्याला हसलात का?"

सुनेला ती दुपार आठवली. ती हसली होती. चांगली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. आणि आणखी एक आठवलं. छबी तिच्या मांडीवर होती. सारी जत्रा नकलाकाराकडं बघत होती, पण छबी मान मागं वळवून आईच्या तोंडाकडं बघत होती. आई हसली तशी तीही हसली होती.

"हसले," ती हळूच म्हणाली.

"मग बाई, माझ्याकडं एवढ्या लांब कशाला आलात?" असं म्हणून त्यानं दुसऱ्या गालाला तेल लावायला घेतलं.

सून परत निघाली. वाटभर छबी "आई, तू बोल ना" म्हणत होती, पण ती नुसती पावलं उचलत राहिली. मुंग्या कुठून आल्या ते तिला सापडलं होतं.

ती घरी गेलीच नाही, थेट किनाऱ्यावर गेली. होडीत हळदीची पोती चढत होती. मुलाची आई दोर गुंडाळत बसली होती.

"बाई," सून म्हणाली, "लेकराचं चुकलं असं सांगायला मी आले नाही. ते बोलणं ऐकून मी हसले होते. ती माझ्याकडं बघून शिकली."

मुलाच्या आईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "आणि उद्या परत कुणी बोललं तर? तुमचं गाव थोडंच थांबणार आहे?"

"गावाचं मी कसं सांगू? मी हसणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या बाईनं दोराचा वेढा हातातून सोडला. मग म्हणाली, "आमच्या बेटावर तुम्हाला काय म्हणतात, ठाऊक आहे? कावीळवाले. माझी सासू म्हणते, तिकडची सून आणली तर नातवंडांना काढा पाजावा लागेल. तिनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मीपण हसले होते." तिनं दोर परत खुंटीला बांधला. "बसा. दमलात. पोरीला पाणी द्या."

लग्न ठरलं. सासरा म्हणाला, "मला पसंत नाही. पण करायचंच तर दणक्यात करू. राजाचा नकलाकार आणतो!" आणि त्यानं आणला.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. एका बाजूला पिवळी माणसं, एका बाजूला काळी. नवरदेव पाटावर, अंगभर हळद. नकलाकारानं सावकाराची नक्कल केली, घोरणाऱ्या पुजाऱ्याची केली, रुसलेल्या मांजराची केली. सगळे पोट धरून हसले. सूनही हसली, नवरदेवाची आई तर सगळ्यात मोठ्यानं. मग नकलाकाराची नजर नवरदेवावर गेली. सवयीचं तोंड, त्याला कोण आवरणार?

"चार शेर हळद संपली, नवरदेवाला कुठं लागली?"

गावाला पुढचं पाठ होतं. कितीतरी तोंडं हसायला उघडलीसुद्धा.

छबी मांडीवर होती. तिनं मान मागं वळवून आईच्या तोंडाकडं पाहिलं.

मांडवात एवढी माणसं, आणि आपलं एकच तोंड. पण सुनेनं ते हलू दिलं नाही. छबी जरा वेळ बघत राहिली, मग तिनं पुढं वळून आपला लाडू खायला घेतला. शेजारच्या बाईनं सुनेकडं पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटलं. तिच्या मांडीवरच्या पोरानं तिच्याकडं पाहिलं आणि तेही गप्प. असं करत करत शांतता मांडवभर गेली.

एकटा सासरा हसला. 'हा हा' असं दोनदा. इतक्या माणसांत आपला एकट्याचाच आवाज येतोय हे कळल्यावर त्यानं त्याचा खोकला केला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठला.

नकलाकार वाट बघत उभा राहिला. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"पुढचं बोल, बाबा," म्हातारी म्हणाली. "मांजराचं चांगलं होतं."

त्यानं परत मांजराची नक्कल केली. सगुणाला नवरदेवाची उष्टी हळद लागली आणि लग्न पार पडलं. नकलाकार पुढं पुष्कळ गावं फिरला, पण ते हळदीचं बोलणं त्यानं परत कुठं काढलं नाही. पाच-सहा वर्षांत ते लोकांच्याही तोंडून गेलं. सासरा मात्र दोन वर्षं जावयाला 'तो चुनेवाला' म्हणत राहिला. घरात त्याला कुणी हसून साथ दिली नाही, तेव्हा तिसऱ्या वर्षी कंटाळून 'जावईबापू' म्हणू लागला.

तात्पर्य, वाईट बोलण्याला बळ ऐकणाऱ्याच्या हसण्यातून येतं, आणि कशाला हसायचं हे लेकरू आईच्या तोंडाकडं बघून शिकतं.