चौदा फेब्रुवारीचं टेबल

“या तीनपैकी कोणतं, एवढंच सांगा भन्तेजी. बाकीचं मी पाहून घेतो.”

असं म्हणून सुमेध रामटेकेने सतरंजीवर तीन डबे मांडले आणि झाकणं उघडली. नागपूरच्या त्या छोट्या विहारात असा वास आजवर आला नव्हता.

भन्ते उपसेन डब्यांकडे पाहत राहिले.

“हे काय आहे?”

“भोजनदान.”

“आणि कोणतं, म्हणजे?”

सुमेधने मांडी नीट घातली. सांगायला त्याला आवडायचं, आणि आज तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

गोष्ट अशी होती. चौदा फेब्रुवारी चार दिवसांवर आला होता. त्या संध्याकाळी सुमेध उत्पलाला जेवायला नेणार होता आणि लग्नाचं विचारणार होता. उत्पला वासनिक शाळेत विज्ञान शिकवायची. तिला सगळं आधीच कळलं होतं. ती म्हणाली होती, की जागा तू ठरव, माझं जे काही उत्तर असेल ते मी तिथेच देईन. आता उत्तर तिथेच मिळणार म्हटल्यावर जागेला किती महत्त्व आलं, हे सुमेधला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि जागा निवडण्यात त्याचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. हे त्याचं स्वतःचं मत होतं, पण ते इतरांनाही मान्य होतं. नोकरी कंपनीत असली, तरी त्याची खरी ओळख मोबाइलवर होती. तो हॉटेलात जाऊन जेवायचा, फोटो काढायचा आणि लिहायचा. त्याने चांगलं म्हटलं की त्या हॉटेलासमोर रांग लागायची. वाईट म्हटलं की मालक स्वतः फोन करून बोलवायचा, पुन्हा एकदा या म्हणायचा.

तरी यावेळी तो अडला होता. शेवटी तीन जागा उरल्या होत्या. एक तलावाकाठची, जिथे टेबलावर मेणबत्ती आणि पाण्यात दिवे. एक सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यातली, जिथे अंगणात सतार वाजते. आणि एक उंच इमारतीच्या गच्चीवरची, जिथून अख्खं नागपूर पायाखाली दिसतं. तिन्ही ठिकाणी त्याने टेबल राखून ठेवलं होतं. दोन ठिकाणी आज संध्याकाळपर्यंत नाही म्हणून कळवायचं होतं.

मित्रांना विचारून उपयोग नव्हता, कारण प्रत्येकाची जीभ कुठेतरी विकली गेलेली. कुणाला तिखट हवं, कुणाला फुकट. तेव्हा सुमेधच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. ज्याला चवीची आसक्तीच नाही, त्याच्याइतका निःपक्षपाती परीक्षक जगात दुसरा कोण?

आणि आज भोजनदानाची पाळी रामटेक्यांकडेच होती.

वस्तीतली घरं आळीपाळीने भन्तेजींचं जेवण आणायची. रामटेक्यांच्या पाळीला सुमेधची आई वरण, भात, भाजी, पोळी करायची आणि सुमेध डबा घेऊन यायचा. आज त्याने आईला सुट्टी दिली. भिक्खू बारानंतर जेवत नाहीत, म्हणून त्याने तिन्ही हॉटेलांत ओळख काढली आणि अकराच्या आत चुली पेटवायला लावल्या. हे काम शहरात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हेही त्याने भन्तेजींना जाता जाता सांगितलं.

आई मात्र ऐकणाऱ्यातली नव्हती. त्या फॅन्सी जेवणानं भन्तेजींचं पोट भरणार आहे का, म्हणत तिने वरणभाताचा डबा पिशवीत कोंबलाच होता. सुमेधने तो सगळ्यात मागे ठेवला.

“म्हणजे मी परीक्षक,” भन्ते म्हणाले.

“तुमच्याशिवाय कोण?”

भन्ते हसले की नाही, ते कळलं नाही. त्यांनी पात्र पुढे केलं.

सुमेधने रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी एकेक डबा उचलून वाढायला सुरुवात केली. आधी तलावाकाठचा, मशरूम घातलेला मऊ इटालियन भात. त्याने तो पात्राच्या एका कडेला अलगद ठेवला. मग बंगल्यातलं पनीर, दुसऱ्या कडेला. मग गच्चीवरचा कडक भाजलेला पाव आणि चॉकलेटचा केक, मधोमध थोडी जागा सोडून. शेवटी, नाइलाजाने, आईचा वरणभात.

भन्तेजींनी आशीर्वादाची गाथा म्हटली. मग उजवा हात पात्रात घातला आणि सगळं एकत्र कालवलं.

सुमेध अर्धवट उठून पात्रात डोकावला.

इटालियन भातात वरण गेलं. पनीरमध्ये केक गेला. ज्या केकसाठी गच्चीवरच्या शेफने सकाळी सकाळी विलायती लोणी वितळवलं होतं, तो वरणात बुडून दिसेनासा झाला.

“भन्तेजी... आता चव कशी कळणार?”

भन्तेजींनी पहिला घास घेतला आणि डोळे खाली वळवले. जेवताना ते बोलत नसत. अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि वाखाणायचंही नाही, हा त्यांचा नेम होता. तो सुमेधला लहानपणापासून ठाऊक होता आणि आज नेमका तोच तो विसरला होता.

पण सुमेध हार मानणाऱ्यातला नव्हता. तोंड बोलत नसेल, तर चेहरा बोलेल. हॉटेलात पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला पदार्थ आवडला की नाही, हे तो भुवयांवरून ओळखायचा. तो दोन हात पुढे सरकला आणि भन्तेजींच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत बसला.

एरवी असं व्हायचं नाही. एरवी भन्तेजींनी पहिला घास घेतला, की विहारात सेवेला आलेल्या वस्तीतल्या बायका सुमेधलाही त्याच डब्यातलं एक ताट वाढायच्या, आणि तो भन्तेजींसमोर बसून जेवायचा. आईच्या वरणात आज हिंग जास्त झाला, वांगं कोवळं आहे, असं काहीबाही बोलत जेवायचा. आज त्याने ताट नको म्हणून सांगितलं. परीक्षकाच्या मनातलं ओळखायचं, तर आपली जीभ रिकामी हवी.

घास... मग दुसरा घास.

भुवया हलल्या नाहीत. कपाळावर आठी आली नाही. ओठांच्या कडेला काही दिसलं नाही. सुमेधने मनातल्या मनात शंभर नमस्कार केले, हा माणूस खरोखरच पोहोचलेला होता.

मग त्याला दुसरंच काही दिसलं.

भन्ते फक्त उजव्या बाजूने चावत होते. डावीकडे घास गेला, की गाल जरासा थांबायचा आणि जीभ तो घास पुन्हा उजवीकडे आणायची. कडक पावाचा तुकडा हाताला लागला, तेव्हा त्यांनी तो वरणात दाबून धरला. पुरता मऊ होईपर्यंत धरला आणि मगच तोंडात घातला.

भन्तेजींनी पात्र रिकामं केलं. धुतलं. ते धुतलेलं पाणीही पिऊन टाकलं.

“आता सांगा,” सुमेध म्हणणार होता. त्याऐवजी तो म्हणाला,

“दाढ दुखते काय भन्तेजी?”

“दुखते.”

“केव्हापासून?”

“वर्षावासाच्या आधीपासून.”

सुमेधने हिशेब केला. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे ते महिने, तेव्हा भन्ते विहार सोडून कुठे जात नाहीत. तो संपूनही आता हिवाळा सरत आला होता. तेवढ्या काळात रामटेक्यांची पाळी कितीदा तरी येऊन गेली होती. प्रत्येक वेळी तो इथेच, याच सतरंजीवर, याच माणसासमोर बसला होता. आईने पोळ्या दिल्या होत्या. शेंगदाण्याची चटणी दिली होती. एकदा भाजलेली मक्याची कणसं आणली होती, आणि ती किती गोड आहेत हे त्याने स्वतः भन्तेजींना रंगवून सांगितलं होतं.

“मला कसं नाही दिसलं?”

भन्तेजींनी पात्र कापडाने पुसलं. सावकाश पुसलं.

“तू जेवून राहिला होता.”

...

बाहेर रस्त्यावर कुणीतरी संत्र्यांचा गाडा ओरडत घेऊन गेलं. सुमेधला ते ऐकूही आलं नाही.

त्याला गेल्या वर्षीचा चौदा फेब्रुवारी आठवत होता. त्या संध्याकाळचं सगळं त्याला पाठ होतं. सूपमध्ये मिरपूड जास्त होती. पास्ता जास्त शिजला होता, म्हणून त्याने तो परत पाठवला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा कमी शिजलेला होता, म्हणून पुन्हा परत पाठवला होता. मॅनेजर येऊन माफी मागून गेला होता. त्या रात्री त्याने जे लिहिलं, ते हजारो लोकांनी वाचलं होतं.

आणि उत्पला समोर बसली होती.

तिने काय खाल्लं होतं?

तो आठवायला लागला. तिने कोणत्या रंगाचे कपडे घातले होते, ते आठवलं, कारण फोटोत टेबलाच्या कडेला तिची बाही आली होती. बाहीच्या वर मात्र त्याला काही सापडेना. परत येताना गाडीवर ती म्हणाली होती, की तुझ्यासोबत जेवताना मला परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं. त्याला ते फार आवडलं होतं. मित्रांना त्याने ते कौतुकाने ऐकवलं होतं.

चार दिवसांनी ती उत्तर देणार होती. आणि ते उत्तर तलावाकाठचं नव्हतं, बंगल्यातलं नव्हतं, गच्चीवरचंही नव्हतं. ते तिच्या मनात कधीचंच तयार झालेलं असू शकतं. सुमेधला ती हवी होती. इतकी हवी होती, की इतक्या हौसेने त्याने आजवर कुठल्याच जेवणाची वाट पाहिली नव्हती. आणि ती हो म्हणेल असं वाटायला लावणारी एकही गोष्ट त्याला आत्ता आठवत नव्हती.

भन्तेजींना घाई कधीच नसायची.

मग सुमेधने रिकामे डबे एकात एक घालायला घेतले. सवयीने झाकणं बसली.

“भन्तेजी, मग नेऊच नको काय तिला?”

“काहून? ने ना.”

“कुठे?”

“टेबलं तर तू राखून ठेवली आहेत.”

“त्यातलंच कोणतं?”

“कोणतंही.”

“पण एखादं तर सांगा... तुम्ही तिन्ही खाऊन पाहिले.”

भन्ते उठले. दाराशी जाऊन त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि मागे वळून पाहिलं.

“कोणतंही चालेल,” ते म्हणाले. “फक्त तू घरून जेवून जाजो.”